थंड इंजिनाची टकटक



पौषातील पहाट असते. बेळगावची ती बोचरी थंडी. आळी अजून निजलेली असते. अशा वेळी कोणाच्या तरी अंगणात मोटारगाडी सुरू होते. पहिला गुरगुराट ओसरतो न ओसरतो तोच त्याच्या पाठोपाठ एक बारीक, कोरडा, ठेक्यातला आवाज उमटू लागतो – टक्, टक्, टक्, टक्. शेजारच्या खोलीत कोणी शिवणयंत्र चालवीत असावे तसा. गाडीचा मालक नवखा असेल तर त्याच्या छातीत धस्स होते. मुरलेला असेल तर तो बॉनेटकडे क्षणभर कान देऊन उभा राहतो. मिनिट-दोन मिनिटांत इंजिन तापते, आवाज हळूहळू मावळतो आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी फाटकाबाहेर पडते.

ह्या एवढ्याशा आवाजाला इतिहास तो कसला, असे आपण म्हणाल. पण आहे. ह्या टकटकीला कंटाळून एका पत्रकाराने आपले पत्र बाजूला ठेवले आणि नव्या तऱ्हेचे इंजिन जगापुढे मांडले. ती नाहीशी व्हावी म्हणून मोठमोठ्या कारखान्यांनी अमाप द्रव्य खर्चिले. आणि ज्यांनी ज्यांनी ती केवळ ऐकू येऊ नये एवढ्यासाठी दडपली, त्यांना तिची किंमत दुसरीकडे कोठेतरी मोजावी लागली. ती किंमत एकदा मीही मोजली आहे; म्हणून आधी माझीच हकीकत सांगतो.

१९८६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळामास्तराच्या ऐपतीला साजेल अशी एक जुनी अँबॅसडर मी विकत घेतली होती. रोज सकाळी ती सुरू केली की वरील टकटक ऐकू येई. शेजारीपाजारी विचारीत, "काय हो, गाडीला काय झाले?" मला त्या प्रश्नाची लाज वाटू लागली. शेवटी एका गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात इंजिन मुके करून देतो असे सांगितले आणि शब्दाप्रमाणे करूनही दाखविले. त्याने इंजिनावरचे झाकण काढले, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काही स्क्रू आवळले, झाकण बसविले; आवाज बंद! पुढचे काही आठवडे मी गाडीची तारीफ करीत हिंडलो.

नंतर एकदा सावंतवाडीला जाऊन परत येताना आंबोलीच्या घाटात गाडीचा दम तुटला. चढ चढेना, इंजिन लंगडू लागले. कसाबसा घरी आलो आणि आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी इंजिनाचे डोके उतरविले आणि एक झडप काढून माझ्या तळहातावर ठेवली. तिची कड तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी जळून खरपुडली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही आवाज बंद करायला सांगितलं, त्यानं फटच बंद केली बघा. आता झडप मिटणार कशी?"

त्या एका वाक्यात ह्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. ती फट कोणती, हे आधी पाहू.

मोटारीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडराला निदान दोन झडपा असतात. एक ताजे मिश्रण आत घेण्याकरिता, दुसरी जळलेला वायू बाहेर सोडण्याकरिता. झडपेचा आकार भूछत्रासारखा. खाली चपटी टोपी, वर लांब दांडी. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवर उंचवटे असतात. उंचवटा वर आला की तो टॅपेटला उचलतो, टॅपेट एका सळईला रेटतो, सळई रॉकरला कलवते आणि रॉकर झडपेच्या दांडीवर दाब देऊन तिला उघडतो. उंचवटा सरला की स्प्रिंग झडपेला परत तिच्या बैठकीवर घट्ट बसविते. ह्या साखळीत रॉकर आणि दांडी ह्यांच्यामध्ये एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. माझ्या गाडीत ती इंचाच्या हजार भागांपैकी सुमारे पंधरा भाग, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशांहूनही किंचित कमी असावी लागे. पोस्टकार्डाच्या जाडीहून थोडी अधिक म्हणा ना.

ही फट कशासाठी? लोखंड तापले की वाढते, हे आपण शाळेत शिकलो. धूर बाहेर सोडणारी झडप कामात असताना सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. तिची दांडी लांबते. त्या लांबण्याला जागा ठेवली नाही, तर स्प्रिंग कितीही जोराने ओढो, झडप बैठकीवर पुरती टेकत नाही. आणि झडपेला आपली उष्णता टाकून देण्याची मुख्य संधी मिळते ती बैठकीवर टेकलेली असतानाच. ती संधी गेली की तापलेला वायू कडेच्या भेगेतून फुत्कारत राहतो आणि झडपेची कड जाळतो. म्हणजे फट ठेवली तर रॉकर प्रत्येक वेळी ती ओलांडून दांडीवर आपटणार आणि टक् असे वाजणार. न ठेवली तर झडप जळणार. टकटक ही झडपेच्या आयुष्यासाठी भरलेली पट्टी आहे. म्हणूनच जुने मिस्त्री सांगत आले की, थोडा बोलणारा टॅपेट परवडला, पण मुका परवडत नाही.

आता ही टकटक थंडीतच अधिक का? रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात वरचे तेल ओघळून तळाच्या टाकीत उतरलेले असते. पहाटे ते गारठून दाट झालेले असते. पंपाला ते ओढून वरच्या मजल्यापर्यंत पोचविण्यास काही क्षण लागतात. तोवर धातू धातूवर जवळजवळ कोरडाच आदळतो. मध्ये तेलाचा पापुद्रा असला म्हणजे जो धक्का मऊ होतो, तो तेव्हा कडक लागतो. शिवाय सारे भाग आकसलेले असल्यामुळे फटीही त्यांच्या थंडपणीच्या मापाच्या असतात. तेल पोचले, धातू तापला की आवाज विरतो.

मोटारीच्या अगदी पहिल्या दिवसांत ही कटकट निम्मीच होती. तेव्हाच्या कित्येक इंजिनांत आत घेणारी झडप यंत्राने उघडली जात नसे. पिस्टन खाली उतरताना जी ओढ निर्माण होई तिनेच ती हलक्या स्प्रिंगविरुद्ध उघडे. हे साधे होते, पण वेग वाढला की ती झडप मागे पडे. १९०१ साली विल्हेल्म मायबाख ह्यांनी रचलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत दोन्ही झडपा कॅमच्या साह्याने उघडण्यात आल्या. इंजिन चपळ आणि आज्ञाधारक झाले. त्याबरोबर वाजणाऱ्या सांध्यांची संख्याही वाढली. शक्ती आणि आवाज एकाच दाराने घरात आले.

ह्यानंतर शांततेचे तीन मार्ग शोधले गेले. पहिला मार्ग अचूकतेचा. तो हेन्री रॉइस ह्यांचा. फट ठेवावयाचीच, पण प्रत्येक भाग इतक्या नेटकेपणाने घडवावयाचा, की आपटणे नुसते टेकण्यासारखे व्हावे. १९०७ साली रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' गाडीने रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा हजार मैलांची परीक्षा दिली. 'रुपेरी भूत' हे नाव तिला शोभले ते तिच्या निःशब्द चालीमुळेच. पुढल्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याच जातीची एक गाडी आपल्या मुलुखात आली. मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची शर्यत झाली, तीत सह्याद्रीचे घाट चढत-उतरत सुमारे ६२० मैलांची मजल मारून ती विजयी ठरली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणून प्रसिद्ध असलेली ही गाडी मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. ह्याच घराण्यातली दुसरी एक 'सिल्व्हर घोस्ट', निजामासाठी बनविलेली, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्याच्या संग्रहात आहे. ग्वाल्हेरच्या आणि हैदराबादच्या श्रोत्यांना हे सांगण्याची गरज नाही, की असली शांतता राजेरजवाड्यांनाच परवडणारी होती. अचूकपणाला पैसा पडतो, आणि झीज झाली की अचूकपणाही टिकत नाही.

दुसरा मार्ग निर्मूलनाचा. त्याचा पुरस्कर्ता कोणी कारखानदार नव्हता, तर एक पत्रकार होता. चार्ल्स येल नाइट हे त्याचे नाव. शिकागो येथे तो दूधदुभत्याच्या व्यापाराविषयी एक पत्र चालवीत असे. खेडोपाडी हिंडून बातम्या जमविण्यास सोयीची म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने नॉक्स कंपनीची एक तीनचाकी मोटार घेतली. गाडी चाले बरी, पण तिच्या झडपांच्या खडखडाटाने हा गृहस्थ इतका त्रासला की त्याने मनाशी ठरविले, झडपा मिटतात-उघडतात म्हणून वाजतात. तर असल्या झडपाच नकोत!

नाइटने काय केले? पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यामध्ये त्याने एकात एक अशा दोन नळ्या घातल्या. सदऱ्याच्या बाहीत दुसरी बाही असावी तशा. ह्या नळ्या वर-खाली सरकत. त्यांना खिडक्या पाडलेल्या होत्या. खिडकीसमोर खिडकी आली की वायूला वाट मिळे. सरकली की वाट बंद. स्प्रिंग नाही, आपटणे नाही, फट नाही. मग टकटक कोठून येणार? १९०६ साली शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात त्याने ही गाडी मांडली. नाव ठेवले 'सायलेंट नाइट'. त्याच्या आडनावाचा अर्थ सरदार. तेव्हा आपल्या भाषेत 'मुका सरदार' म्हणण्यास हरकत नाही.

अमेरिकेतील कारखानदारांनी प्रथम फारसे लक्ष दिले नाही. इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने मात्र फ्रेडरिक लँचेस्टर ह्या थोर अभियंत्याच्या सल्ल्याने हे इंजिन सुधारून घेतले आणि १९०८ मध्ये आपल्या गाड्यांसाठी स्वीकारल्याचे जाहीर केले. लोकांनी शंका काढल्या. तेव्हा कंपनीने आपली दोन इंजिने रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या हवाली केली. ती १३२ तास सतत चालविण्यात आली. नंतर गाडीत बसवून ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर सुमारे दोन हजार मैल पिटाळण्यात आली. पुन्हा उतरवून तपासण्यात आली. झीज जवळजवळ नाहीच. १९०९ ची मानाची ड्यूअर ट्रॉफी डेमलरला मिळाली. बेल्जममधील मिनर्वा, फ्रान्समधील पानहार, जर्मनीतील मर्सिडीज ह्यांनी नाइटचा परवाना घेतला. अमेरिकेत 'विलिस-नाइट' गाड्या १९३३ पर्यंत निघत होत्या.

मग हा मुका सरदार आज कोठे आहे? त्याच्या शांततेला एक खोड होती. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांना आतून, बाहेरून आणि मधून तेल लागे. त्यातले बरेचसे तेल सिलिंडरात शिरे आणि जळे. गाडी निःशब्द जाई खरी, पण तिच्या पाठीमागे निळसर धुराचा पदर लोंबत राही. पूर्वी यंत्राच्या तक्रारी कानाला कळत. आता त्या नाकाला आणि डोळ्यांना कळू लागल्या.

शहरातील रस्त्यावर ही केवळ गैरसोय होती. रणांगणावर ती प्राणावर बेतली. १९१६ च्या सप्टेंबरात सॉमच्या लढाईत ब्रिटिशांनी रणगाडे प्रथम उतरविले, तेव्हा त्यांच्या पोटात डेमलरचे १०५ अश्वशक्तीचे, ह्याच नळीवजा झडपांचे इंजिन होते. खाईत तिरका होणारा, चढणीवर धापा टाकणारा तो रणगाडा धुराचे लोट सोडी आणि शत्रूच्या तोफखान्याला आपला ठावठिकाणा स्वतःच सांगे. तेव्हा हॅरी रिकार्डो ह्या तरुण अभियंत्याकडे धूर न करणाऱ्या इंजिनाची मागणी करण्यात आली. त्याने १५० अश्वशक्तीचे नवे इंजिन रचले, आणि त्यात झडपा वापरल्या त्या जुन्याच, दांडीच्या, टकटक करणाऱ्या! पुढच्या 'मार्क पाच' रणगाड्यांत हे इंजिन बसले. पोलाद सुधारत गेले, झडपा झाकणाखाली तेलाच्या फवाऱ्यात आल्या, कॅमच्या उंचवट्याला चढतेवेळी सौम्य उतार देण्यात येऊ लागला. दांडीची झडप वर्षागणिक शांत होत गेली. १९३० नंतरच्या दशकात डेमलरनेही नाइटच्या नळ्यांचा निरोप घेतला.

तिसरा मार्ग आला तो ह्या दोहोंच्या मधला. फट हवी, पण ती रिकामी नको. ती तेलाने भरून ठेवावी आणि धातू वाढेल तसे ते तेल आपोआप कमी-जास्त व्हावे. फ्रान्समधील ल मान्स गावच्या आमेदे बोले ह्यांनी १९१० च्या सुमारास ही कल्पना अमलात आणली होती. मोठ्या प्रमाणावर तिचे नाव झाले ते १९३० साली, कॅडिलॅकने आपली सोळा सिलिंडरांची गाडी काढली तेव्हा. तिच्या रॉकरपाशी तेलाच्या दाबाने फट भरून काढणारी योजना होती. पुढे पिअर्स-ॲरो कंपनीने १९३३ च्या सुमारास हे तेलाचे टॅपेट वापरले, आणि १९४९ च्या कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल ह्यांच्या नव्या आठ सिलिंडरी इंजिनांनंतर ते अमेरिकेत सर्रास झाले. त्यानंतर काही दशकांतच ते जगभरच्या साध्या गाड्यांतही दिसू लागले.

ह्या टॅपेटची रचना एखाद्या पिचकारीसारखी आहे. नळकांड्यात एक बारीक दट्ट्या, त्याच्याखाली तेलाची कोठडी आणि कोठडीच्या तोंडाशी एकच दिशेने वाट देणारी एक इवलीशी गोळी. इंजिनाचा पंप तेल आत लोटतो. गोळी ते परत जाऊ देत नाही. तेल दबत नाही, म्हणून दट्ट्या भक्कम उभा राहतो आणि फट नाहीशी होते. झडप तापून लांबली तर थोडे तेल दट्ट्याच्या कडेने पाझरते आणि टॅपेट तेवढाच आखूड होतो. फीलर गेज घेऊन दर काही हजार मैलांनी फट मोजण्याचे काम संपले. मिस्त्रीच्या हातांचे काम तेलाने उचलले.

परंतु ह्या सोयीनेही एक नवे अवलंबन निर्माण केले, आणि आपल्या पहाटेच्या टकटकीचे एक मोठे मूळ तेथेच आहे. इंजिन बंद करताना ज्या झडपा उघड्या राहतात, त्यांच्या स्प्रिंगांचा भार रात्रभर त्या टॅपेटवर पडतो आणि कोठडीतील तेल हळूहळू निथळते. सकाळी तेथे पिचकारी रिकामी असते. तेल पोचेपर्यंत चार-दोन क्षण ती टकटकते, मग भरते आणि गप्प होते. ह्यात भिण्यासारखे काही नाही. पण तेल वेळेवर बदलले नाही, त्याचा चिकटा गोळीखाली साचला, किंवा थंडीच्या मानाने फारच दाट तेल घातले, तर चार क्षणांची पाच मिनिटे होतात. कित्येक गाळण्यांमध्ये रात्री तेल परत ओघळू नये म्हणून रबराचा एक पडदा असतो. तो कडक झाला तरी हेच घडते. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९११ पासून तेलांना त्यांच्या दाटपणाप्रमाणे अंक देण्यास आरंभ केला. डब्यावर '२०डब्ल्यू-५०' असे लिहिलेले आपण पाहतो, त्यातील 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. थंडीत पातळपणे वागणारे आणि उन्हाळ्यात दाटपणा राखणारे असे हे तेल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी पोचले. म्हणून गाडीच्या पुस्तकात कोणता अंक दिला आहे हे पाहणे, हा ह्या रोगावरचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपचार.

आता प्रश्न उरतो निदानाचा. पहाटेचा प्रत्येक ठोका टॅपेटचाच असतो असे नाही. आणि येथे मोटारीच्या इतिहासाला वैद्यकाचा इतिहास येऊन मिळतो. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लाएनेक ह्या डॉक्टराने एका तरुण रुग्णाच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटल्यामुळे कागदाची गुंडाळी करून तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. पुढे त्याने लाकडी नळी घडविली आणि १८१९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. लाएनेकचे श्रेय नळी शोधण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक कोणता आवाज कोणत्या विकाराचा हे धीराने ताडून पाहण्यात आहे. आमचे मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवीत, तेव्हा ते लाएनेकचेच काम करीत होते. त्यांनी ते नाव ऐकले नसेल, एवढेच.

त्यांची पद्धत मला अजून आठवते. गाडीला हात लावण्यापूर्वी ते प्रश्न विचारीत. आवाज कधीपासून येतो? इंजिन तापल्यावर जातो की राहतो? वेग वाढविला तर ठेका वाढतो काय? हलका आहे की जड? मग कान. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरते. इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर एक झडप तीनशे वेळाच उघडेल. म्हणून टॅपेटचा ठेका इंजिनाच्या मानाने सावकाश, आणि तो ऐकू येतो वरून, झाकणाखालून. आवाज खालून, सिलिंडराच्या भिंतीतून, बोदा आणि पोकळ येत असेल तर थंडीत आकसलेला पिस्टन भिंतीवर थपकतो आहे असे समजावे. त्या सिलिंडराची ठिणगी क्षणभर तोडली की ही थपक मऊ पडते. टॅपेटची टकटक मात्र तशीच राहते. आवाजात टकटकीबरोबर फुस्कारा असेल आणि धुराच्या नळीच्या जोडापाशी काजळीचा डाग दिसत असेल, तर तो वायूच्या गळतीचा ठोका. तापल्यावर धातू वाढून जोड मिटतो, म्हणून हाही आवाज लबाडासारखा नाहीसा होतो. पण तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू असतो, आणि बंद गाडीखान्यात इंजिन चालू ठेवणे तर केव्हाही घातकच.

आणि ज्या आवाजापुढे तर्क करीत बसावयाचे नाही, तोही सांगून ठेवतो. आवाज जड, खोल, हातोड्यासारखा असेल, तापल्यावर कमी न होता वाढत असेल, किंवा तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझत नसेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. ते टॅपेटचे बोलणे नव्हे. खालच्या बेअरिंगांचा तो आक्रोश असू शकतो.

मिस्त्रींची शेवटची कसोटी सर्वांत सुंदर होती. इंजिन मंद चालू ठेवून ते झाकण उतरवीत आणि फीलर गेजचे पातळ पाते एकेका रॉकरखाली सरकवीत. ज्या ठिकाणी पाते शिरताच टकटक थांबे, तो टॅपेट दोषी. पुराव्यावाचून कोणालाही शिक्षा नाही.

इतिहासाच्या ओघात ह्या ऐकण्याची संधी मात्र कमी होत गेली. आरंभी मोटार सुरू करावयाची तर मालकाला इंजिनासमोर उभे राहून हँडल मारावे लागे. पहिला ठोका त्याच्याच कानावर पडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग ह्यांचा विजेचा स्टार्टर आला. हँडलच्या उलट्या फटक्याने हात मोडण्याचे भय गेले, हे मोठेच उपकार झाले. पण मालक इंजिनापासून उठून काचेआड गेला. आमच्या अँबॅसडरला आणि फियाटला हँडल होते. बॅटरी उतरलेल्या पहाटे ते मारताना इंजिनाशी पुन्हा समोरासमोर भेट होई. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आजच्या बऱ्याच गाड्यांत इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते आणि त्या फवाऱ्यांच्या विजेच्या झडपा स्वभावतःच टिक्-टिक् करतात. तो रोग नव्हे, तो त्यांचा श्वास आहे. तेव्हा नव्या गाडीच्या मालकानेही आधी ऐकावे आणि मग घाबरावे.

नाइटचे स्वप्न शेवटी विजेच्या गाडीने पुरे केले. तिला झडपाच नाहीत. ती इतकी शांत निघाली, की पायी चालणाऱ्यांना आणि विशेषतः अंधांना तिची चाहूल लागेना. तेव्हा युरोपात २०१९ च्या जुलैपासून नव्याने मान्यता घेणाऱ्या अशा गाड्यांना, आणि २०२१ च्या जुलैपासून नव्या विकल्या जाणाऱ्या सर्वच अशा गाड्यांना, मंद चालीत कृत्रिम आवाज करणे कायद्याने बंधनकारक झाले. शंभर-सव्वाशे वर्षे ज्या आवाजाशी झगडा केला, तो अखेरीस विकत घेऊन बसवावा लागला. आवाज हा नुसता उपद्रव नसतो. तो वर्दीही असतो, हे माणसाला असे वळसा घालून उमगले.

आमच्या मिस्त्रींनी नवी झडप बसविली, बैठक घासून घेतली आणि आठही टॅपेटांची फट पात्याने मोजून बांधली. पाते ओढताना किंचित अडले पाहिजे, पण अडकता कामा नये, असे सांगून त्यांनी ते एकदा माझ्याही हातात दिले. गाडी सुरू झाली. टकटक परत आली होती. पूर्वीपेक्षा बारीक, पण होती. मी त्यांच्याकडे पाहिले.

"येऊ द्या मास्तर," ते हात पुसत म्हणाले. "एवढी असायचीच. ती एखाद्या दिवशी निराळी वाजली, की मात्र मला हाक मारा."